देवरावभाऊ, ती हाक खोटी नव्हती

आधी प्रमिलाबाईंचं नाव घेतो, देवरावभाऊ. तुम्हाला आवडलं नाही तरी घेतो. तुमच्या तेरवीला सगळे बोलले. शेठ बोलले, तुमचे साळे बोलले, वर्षातून एकदा तुम्हाला भेटणारेही गळा भरून बोलले. प्रमिलाबाईंचं नाव मात्र कुणाच्या तोंडून आलं नाही, आणि त्या मागच्या बाजूला पत्रावळी उचलत होत्या. त्या दिवशी हातातला पाण्याचा पाइप फेकून टेम्पोकडे धावल्या त्या प्रमिलाबाई. एमआयडीसीपासून दवाखान्यापर्यंत तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या त्याही प्रमिलाबाईच. आधी तुम्ही त्यांच्यावर ओरडत होतात आणि त्या वाटभर पदरानं तुमचा घाम पुसत होत्या. त्यांच्यामुळे तुमच्या घरी काकूंना तुमच्याशी बोलायला एक संध्याकाळ मिळाली. नाहीतर काकूंच्या हाती आला असता तो तुमचा न उघडलेला डबा.

त्यांचं नाव घेऊन झालं. आता तुमच्यावर चिडतो.

उभी हयात तुम्ही नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडाच्या टाकीवर काढलीत. हातावर एक डाग नाही. बोटं सगळी जागच्या जागी. आणि गेलात कशानं? छातीत आदल्या दिवसापासून दाबल्यासारखं होत होतं, ते गॅसवर ढकलून. याला काय म्हणायचं, भाऊ? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याचं तोंड बघितलं नसतं.

आपलं काम घरी समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. आई फोनवर विचारते, तू तिकडं नेमकं करतोस तरी काय? मी सांगतो, स्टेनलेस स्टीलचा आणि निकेलचा गंज काढतो. ती म्हणते, स्टीलला कुठं गंज येतो रे? येतो. वेल्डिंग केलं की शिवणीच्या दोन्ही अंगांना निळा-काळा पट्टा उमटतो. साध्या लोखंडाचा चुरा चिकटून राहिला की तांबूस ठिपके फुटतात. आणि कोराडीच्या वीज केंद्राकडून निकेलच्या ज्या नळ्या येतात, आगीत वर्षानुवर्षं राहिलेल्या, त्यांच्यावर तर काळी साल धरलेली असते. ते सगळं ॲसिडात बुडवून उतरवायचं, पिकलिंग म्हणतात त्याला, आणि खालच्या धातूला धक्का लावायचा नाही. "गंज काढाचा, माल नाही," हे तुमचं वाक्य. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचात की मला झोपेत ऐकू यायचं.

मी आटपाडीकडचा. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या कामाला देशभर पांगलेली आहेत, गलाईवाले म्हणतात आम्हाला. नववीत शाळा सुटली आणि मी नागपूरला, इतवारीत मामाच्या दुकानात आलो. तिथंही नायट्रिकच. मग मामानं दुकान गुंडाळून कोइम्बतूर धरलं. मला म्हणाला, चल. मी तिथल्या भाषेला घाबरलो. म्हटलं, नागपुरात निदान मराठी तरी बोलतात. असं मला तुमची मराठी ऐकेपर्यंत वाटत होतं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलंत. "ॲसिडचं काम येते का?"

"येतं. गलाईत होतो."

"सोन्याचं ॲसिड हातावर उडालं तर काय होते?"

"चटका बसतो. लगेच."

"हे नाही देत चटका," टाकीकडे बोट करून तुम्ही म्हणालात. "हे मुकं आहे. जे येते ते विसर आन् मंग ये."

गावाचं नाव विचारलंत, जिल्हा विचारलात आणि त्या क्षणापासून मला 'सांगली' म्हणायला लागलात. माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

आपल्या शॉपची एक रीत होती, ती तुम्हीच घातलेली. ॲसिडचा थेंब उडाला, उडाल्याचा नुसता संशय आला, तरी 'पाणी!' म्हणून ओरडायचं. ओरडलं की सगळं थांबायचं. ग्राइंडर बंद, क्रेन जिथल्या तिथं. शेठ गिऱ्हाइकाला घेऊन उभे असले तर त्यांनीही बाजूला व्हायचं. माल धुवायच्या जागेवरून प्रमिलाबाई चालू पाइप घेऊन धावत यायच्या. आणि पाणी सुरू होईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. कसं उडालं, कुणाची चूक, ते सगळं नंतर. आधी पाणी, मग कॅल्शियमचं मलम, मग दवाखाना. मलमाची ट्यूब तुमच्या शर्टाच्या खिशात असायची, दुसऱ्यांच्या खिशात विडीचं बंडल असतं तशी.

सुरुवातीच्याच दिवसांत माझ्या मनगटावर, हातमोजा आणि बाहीच्या मधे, काहीतरी गार लागलं. मी जवळ येऊन हळूच म्हणालो, "भाऊ, थोडंसं उडाल्यासारखं वाटतंय, पण दुखत ना—" पुढचं तुम्ही ऐकलंच नाही. तुम्हीच इतक्या मोठ्यानं 'पाणी!' ओरडलात की मला वाटलं माझा हातच गेला. किती वेळ धरून ठेवलात तो हात धारेखाली! मग मलम चोळलंत, स्कूटरवर मागे बसवलंत आणि दवाखान्यात नेलंत. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वेळेत धुतलं. तरी दुपारभर तुम्ही मला तिथल्या बाकावरून हलू दिलं नाहीत.

"भाऊ, खरंच काही झालं नव्हतं," मी म्हटलं.

"कायनं समजलं तुले?"

"दुखत नव्हतं."

"दुखणं म्हणजे काय पुरावा आहे का बे? हे आत जाते. चुपचाप हाडापर्यंत जाते. आन् जवा दुखाले लागते नं, तवा डॉक्टरच्या हातात काही राहत नाही. दुखून नाही राहिलं म्हणजे काही झालं नाही, असं माह्यासमोर बोलाचं नाही. समजलं?"

समजलं, भाऊ. मला समजलं. प्रश्न माझा नव्हता.

खोट्या हाकेचा तुम्हाला भारी राग. एकदा एका वेल्डरनं रंगपंचमीच्या आदल्या दिवशी गंमत म्हणून 'पाणी!' ओरडून दाखवलं. प्रमिलाबाई धावल्या, ओल्या फरशीवर घसरल्या, कोपर फुटलं. तुम्ही त्या वेल्डरशी बोलणं टाकलंत ते तो काम सोडून जाईपर्यंत. "खोटं ओरडलं का पुढच्या बारीले कोणी पळत नाही," तुम्ही आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलंत. "मंग खराखुरा माणूस मरते." तेव्हापासून ती हाक आमच्यासाठी देवाच्या शपथेसारखी झाली.

तुमच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे तर शिक्षा होती. हुडकेश्वरला काकूंच्या भाचीच्या लग्नात तुम्ही जेवणाच्या रांगेत वरणाचं भांडं वाकून बघत बसलात. मागं वऱ्हाडी मंडळी ताटं घेऊन ताटकळलेली.

"अवो, वरण घ्या नं!" काकू दात-ओठ खात म्हणाल्या.

"घेतो वं. पण हे शिवण पाह्य. कोनं केली? निळीच्या निळी सोडली. पिकलिंगच नाही केलं."

"तुमच्या बापानं केली! घ्या वरण!"

आणि काकूंनी एकदा संडासाच्या ॲसिडनं स्वयंपाकघरातलं स्टीलचं सिंक घासलं, तेव्हा तुम्ही असे बसलात जणू घरात कुणी गेलंय. स्टीलला ते ॲसिड चालत नाही, बारीक बारीक भोकं पाडतं, हे तुम्ही त्यांना जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर सांगत राहिलात. शेवटी काकू मला म्हणाल्या, "सांगली, बाबा, तुह्या गावाकडे जागा असन तर मले घेऊन चाल."

मी तुम्हाला कमी वैताग दिला नाही, हेही लिहितो. नळाला पाणी आहे ना भाऊ? मलम संपलं नाही ना? वेळ झाली ना, काढायचं ना? माल बुडवायच्या जाळीला टाका नीट लागलाय ना? मी जन्माचा घाबरट. घरी वडील माझी ओळखच तशी करून द्यायचे, हा आमचा भित्रा. तुम्ही एकदा भडकून म्हणालात, "किती विचारशीन बे?" आणि मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "विचारत जाय. भेणारा माणूस ॲसिडवर बरा. बेडर लोकाहीले बोटं राहत नाहीत." माझ्या भीतीला जगात कुठं काम असेल, असं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती रडली.

तर उपकार आहेत. ते मी नाकारत नाही. पण तुमच्याशी माझं एक भांडण तुमच्या जिवंतपणीच चालू होतं, ते प्रमिलाबाईंवरून. माझ्या कितीतरी आधीपासून त्या माल धुवायच्या जागेवर उभ्या आहेत. थंडीत बोटं चिरतात, तरी उभ्या. टाकीतून निघालेल्या पत्र्यावर त्या पाणी सोडतात आणि पाण्याची चादर कुठं फाटते ते बघतात. जिथं फाटली तिथं अजून काहीतरी चिकटलेलं आहे. त्या कितीदा म्हणाल्या, "भाऊ, मले टाकीवर घ्या नं."

"तुले काहून पाहिजे वं टाकी? पोट्टेसोट्टे आहेत तुले."

"तुमाले नाहीत का पोट्टेसोट्टे?"

सगळा शॉप हसला. तुम्हीही हसलात. पण टाकी दिली नाहीत. मी मधे पडलो तर म्हणालात, "तू मधात नको बोलू, सांगली." आणि बाहेरून आलेल्या मला, नववी सुटलेल्या, शंभर शंका विचारणाऱ्या मला, हाताला धरून टाकीवर उभं केलंत. तुम्हाला त्यांची काळजी होती, मान्य आहे. ती काळजी त्यांच्या वाट्याला फक्त गार पाणी घेऊन आली, भाऊ.

त्या दिवशी निकेलच्या नळ्या आल्या होत्या. निकेलवरची काळी साल नुसत्या ॲसिडला दाद देत नाही. आधी कॉस्टिक आणि परमँगनेटच्या गरम जांभळ्या पाण्यात ठेवून ती सैल करायची, धुवायची आणि मग ॲसिडात अगदी थोडा वेळ, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसं टक लावून. ॲसिडात जास्त राहिलं तर धातूच खाल्ला जातो. जांभळ्या पाण्यात तसं भय नाही. तुम्हीच सांगायचात, "जांभळ्यात माल माहेरी असते, ॲसिडात सासरी. माहेरी दोन घंटे जास्त राहिला तर काय बिघडते?"

नळ्या माहेरी होत्या. तुम्ही उलट्या ड्रमवर बसला होतात. डबा तसाच. चेहरा कणकेसारखा.

"भाऊ, दवाखान्यात जाऊ या."

"गॅस आहे."

"घाम आलाय तुम्हाला."

"टाकी गरम आहे, घाम नाही येणार तं काय येईन?"

"मघापासून जबडा चोळताय."

"दुखून नाही राहिलं बे! दाबल्यावानी होऊन राहिलं नुसतं. माल निघू दे, मंग पाहू."

"माल माहेरी आहे, भाऊ. राहील."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की दुसऱ्या कुणी तिथं पुन्हा तोंड उघडलं नसतं. मी उघडलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाय, आईले फोन लाव. तिले सांग तुह्यं भेव. मले नको सांगू."

ते लागलं मला. पण तुमचा हात छातीवरून हलत नव्हता. शेठना फोन लावला, उचलला नाही. वेल्डरांना खुणावलं, ते तुम्हाला हात लावायला तयार नव्हते. तुमचा धाक! मला जगात एकच गोष्ट माहीत होती जिनं आपला अख्खा शॉप थांबतो. मी ओरडलो, "पाणी!"

ग्राइंडर थांबले. प्रमिलाबाई चालू पाइप घेऊन आल्या. "कुठी? कुठी उडालं?" मी तुमच्याकडे बोट केलं. त्यांनी तुमचे हात बघितले, शर्ट बघितला, पाय बघितले. कुठंच काही नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दुखत नाही म्हणतायत."

त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाइप फेकला. "टेम्पो चालू करा रे!" एक प्रश्न विचारला नाही, भाऊ. तुम्ही इतकी वर्षं आम्हाला जे शिकवत होतात ते ॲसिडापुरतं नाही, हे त्यांना एका नजरेत कळलं. तुम्हाला कळलं नाही.

आम्ही उचललं तर तुम्ही लाथा झाडत होतात. "खोटं ओरडला! पाणी खोटं ओरडला हा! उतरवा मले!" टेम्पोत पुन्हा तेच. "प्रमिला, तू तरी..."

"चूप बसा, भाऊ. पाणी ओरडलं का बोलाचं नसते."

तुमचीच रीत. तुम्ही गप्प झालात ते तिथं.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. काकू भिंतीला टेकून म्हणाल्या, कालपासून छाती भरल्यासारखी वाटते म्हणत होते, मी म्हटलं जाऊन या, तर मलेच इनो आणायला लावला. संध्याकाळी मला आत सोडलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी चांगलं बोलाल. तुम्ही विचारलंत, "माल काढला का?"

"माहेरी आहे."

तुम्ही हसला नाहीत. "उद्या-परवा आलो का पोट्ट्याहीले उभं करून सांगतो, त्या दिवशीचं पाणी खोटं होतं म्हणून. नाहीतं भरोसा उडते."

"खोटं नव्हतं, भाऊ."

"ॲसिड कुठी होतं मंग?"

मी तोंड उघडलं आणि सिस्टरनं मला बाहेर काढलं. सकाळी तुम्ही गेलात.

काय माणूस आहात तुम्ही! वाद अर्धा टाकून जायची ही काय पद्धत झाली? घाटावर मी माझं राहिलेलं उत्तर घोकत उभा होतो. लोकांना वाटलं, मंत्र म्हणतोय. तर आता ऐका. ॲसिड नव्हतं. पण ती हाक ॲसिडासाठी आहे असं तुम्ही तरी कधी म्हणाला होतात? जे आतल्या आत खात जातं आणि सांगत नाही, त्याच्यासाठी आहे ती. तुम्हीच केलेला नियम, आणि त्यातून तुम्ही एकट्याला वगळलंत. स्वतःला. आमच्या मनगटावरच्या थेंबासाठी दुपारभर बाकावर बसणारा माणूस स्वतःच्या छातीसाठी टेम्पोतून उडी मारायला बघतो, याच्यावर मी चिडू नको तर काय करू? आणि भरोसा उडेल म्हणालात ना? परवा माल धुवायच्या बाजूला कुणीतरी 'पाणी!' ओरडलं. सगळे धावले, भाऊ. आधीपेक्षा जोरात धावले.

नळ्या शेवटी आम्हीच काढल्या. तुम्ही म्हणाला होतात तसंच, काही बिघडलं नव्हतं. साल भिजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी निघून आली. मग ॲसिड. तुम्ही मागे नसताना मी पहिल्यांदा टाकीवर उभा होतो. सवयीनं मान वळवून विचारलंही, "झालं का?" मागं कुणी नव्हतं. पलीकडून, पाइप हातात धरून, प्रमिलाबाई म्हणाल्या, "काढ." मी काढलं. त्यांनी पाणी सोडलं. नळीवर पाण्याची चादर वरपासून खालपर्यंत अखंड उतरली, कुठंही फाटली नाही. निकेल पांढुरकं, शांत दिसत होतं. मी विचारलं, तुम्हाला लांबून कसं कळलं? त्या म्हणाल्या, "इतके साल तुमच्या दोघांचा माल मीच तं धुऊन राहिली. कोणता लवकर काढला, कोणता उशिरा, मले नाही समजणार तं कोणाले?"

शेठनी टाकी मला दिली आहे. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. आई म्हणते, सोडून ये. येणार नाही. पण भीती आहे, भाऊ, तुम्ही होतात तेव्हापेक्षा जास्त आहे. आधी मला टाकी समजू दे. कोणत्या मालाला किती वेळ, पाणी किती गरम, वास कधी बदलतो, हे कुणाला न विचारता माझं मला सांगता येऊ दे. मग मी शेठकडे जाणार आहे आणि दुसरा ॲप्रन, दुसरा चेहऱ्यावरचा पडदा आणि लांब बाह्यांचे हातमोजे मागून घेणार आहे, बाईच्या मापाचे. तुम्ही माझ्या हातात घातलंत ते सगळं, एक गोष्ट न ठेवता, मी प्रमिलाबाईंना शिकवणार आहे आणि त्यांना टाकीवर उभं करणार आहे. त्यांनी हे माझ्याकडे मागितलेलं नाही. तुमचा विरोध मला ठाऊक आहे. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, पण तुमच्यासाठी त्या धावल्या त्याची फेड मी एक दिवस अशीच करणार.